तोड्याच्या बंदुकीचे रिबिट : आधी ओळखा, मग हातोडी उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमी जवळ आली की वाड्यांतल्या आणि देवघरांतल्या जुन्या बंदुका भिंतीवरून खाली उतरतात. धूळ पुसता पुसता कुणीतरी चाप ओढून बघतो, आत काहीतरी खुळखुळते आणि ‘रिबिट ढिले झालेय, ठोकून आणू’ असा निकाल जागच्या जागी लागतो. (रिबिट म्हणजे दोन भाग जोडायला आरपार घालून टोक ठोकून बसवलेला धातूचा खिळा.) बंदूक कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाते. तो आपल्या परीने चोखच काम करतो : वेल्डिंगचा एक ठिपका आणि वरून ग्राइंडर. दीडदोनशे वर्षे टिकलेली वस्तू दहा मिनिटांत कायमची बिघडते. जुन्या लोखंडी वस्तूंचे काम करणाऱ्यांपुढे असे नग नेहमी येतात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी कायद्याचे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला आणि तीही दुरुस्त करूनसुद्धा बार काढता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. घरातली ठासणीची बंदूक नुसती जुनी आहे एवढ्याने ती या सवलतीत बसत नाही. पुढे जे लिहिले आहे ते संग्रहालयातल्या आणि अशी सूट असलेल्या, केवळ जपून ठेवायच्या नगांपुरते आहे. बाकीच्या बंदुका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्याव्यात. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याहून तातडीची : बंदूक भरलेली आहे का? हा प्रश्न हास्यास्पद वाटतो आणि तिथेच घात होतो. ठासणीच्या बंदुकीत बार भरून ठेवायची आणि मग तो उडवायचा राहून जायचा, हे सर्रास घडलेले आहे. सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. वेल्डिंगची ठिणगी, ग्राइंडरची फुलबाजी किंवा रिबिट लाल करायला लावलेला गॅसचा बर्नर, यांतले काहीही तिला पुरे. तपासणी साधी आहे. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची सरळ लाकडी काठी नळीच्या तोंडातून अलगद तळापर्यंत घालावी, तोंडाशी पेन्सिलीची खूण करावी, काठी बाहेर काढून ती खूण नळीच्या तोंडाशी येईल अशी बाहेरून नळीला लावून धरावी. काठीचे टोक कानाच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या दारूच्या वाटीच्या, भोकापर्यंत किंवा किंचित मागे पोहोचले पाहिजे. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते कुंभारीण माशीचे मातीचे घर असेल, गंजाचा गोळा असेल किंवा काही देशी नळ्यांत दारूची जागा मुळातच अरुंद असते तसे असेल. पण खात्री होईपर्यंत ती भरलेलीच समजायची. काठीने टोचायचे नाही, पाणी ओतून ‘निकामी’ करायची नाही, गाडीत टाकून कुठे न्यायची तर मुळीच नाही. नळीचे तोंड माणसांपासून दूर करून ठेवावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. सळई लोखंडाची कधीही वापरू नये.

आता मूळ विषय. आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या बंदुका ढोबळपणे तीन जातींच्या असतात : तोड्याच्या (पेटत्या दोरीने बार उडणाऱ्या), चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने) आणि टोपीच्या (ठोक्याने पेटणाऱ्या टोपीने). चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांच्या कळीत, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेत, आतले भाग बहुतांशी स्क्रूवर बसवलेले असतात. तिथे सैलपणाचे कारण रिबिट नसून झिजलेला स्क्रू असण्याची शक्यता जास्त. त्या स्क्रूंचे आटे हाताने पाडलेले, त्यामुळे एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागत नाही. खोलताना थर्माकोलच्या तुकड्यात जागेनुसार टोचून ठेवावेत आणि पेचकसाचे टोक खाचेच्या मापाचे घासून घ्यावे, इतके सांगून पुढे जातो. रिबिटांचे खरे दुखणे आहे ते तोड्याच्या बंदुकीचे.

तोड्याच्या देशी बंदुकीची रचना फार साधी असते. नळीच्या बुडाच्या मागे दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागात, उभी खाच असते. तिच्यातून घोडा वर येतो, म्हणजे तोड्याचे पेटते टोक धरणारा, वर दुभंगलेला लोखंडी हात. घोड्याचे खालचे टोक एका लोखंडी पट्टीला जोडलेले आणि पट्टीचे दुसरे टोक चापाला. चाप ओढला की पट्टी सरकते, घोडा पुढे झुकतो आणि तोडा कानातल्या रंजकेवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकतो. पुष्कळ नगांत कमानसुद्धा (स्प्रिंग) नसते. काहींत घोडा उभा ठेवण्यासाठी एक चपटी कमान असते. खाचेमुळे दस्ता तिथे अशक्त होतो म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी पत्रे बसवून लाकडातून आरपार रिबिटे मारलेली असतात. म्हणजे एका बंदुकीत साधारण तीन प्रकारची रिबिटे झाली. घोडा आणि चाप ज्यांवर फिरतात ते दोन आस. पट्टीच्या दोन टोकांची रिबिटे. आणि पत्रे धरून ठेवणारी आरपार रिबिटे. कानाचे झाकण ज्यावर फिरते ते चौथे, पण ते बाहेरच असते आणि त्याला फारसा त्रास नसतो.

यातली पहिली दोन प्रकारची रिबिटे फिरण्यासाठी आहेत, तिसरी धरून ठेवण्यासाठी. सगळी गफलत इथेच होते. अडकित्त्याचे रिबिट जसे पाती हलू देते पण डोलू देत नाही, तसेच पट्टीच्या रिबिटाचे काम असते. ते ‘घट्ट’ केले की यंत्रणा जाम होते. मग कुणीतरी जोर लावून चाप ओढतो आणि पट्टी वाकते किंवा खाचेपाशी दस्ता चिरतो. आणि आमचे मत विचाराल तर भिंतीवर किंवा पेटीत राहणाऱ्या बंदुकीच्या फिरत्या रिबिटात थोडा खुळखुळ असणे हा दोषच नाही. घडवताना कारागिराने तिथे मोकळीक ठेवलेलीच असते, कारण दारूची काजळी साचून कळ अडकू नये. भाग गळून पडण्याच्या बेताला आला असेल किंवा सैल पट्टी लाकूड आतून खात असेल, तरच हात घालावा.

ढिलेपणा कुठला, हे ओळखायला हत्यार लागत नाही. दोन्ही भाग चिमटीत धरून आधी लांबीच्या दिशेने मागेपुढे ओढावेत, मग आडवे डोलवून बघावेत. मागेपुढे सरकत असेल तर रिबिटाचा दांडा झिजलेला आहे किंवा भोक लांबट झाले आहे. आडवे डोलत असेल पण मागेपुढे सरकत नसेल, तर दांडा ठीक आहे, फक्त डोके सैल झालेय. पहिल्या दुखण्यात वरून कितीही ठोकले तरी उपयोग नाही, कारण झीज आत आहे. ठोकून डोके दाबले जाते, पट्टी जाम होते आणि भोक लांबटच राहते. ही परीक्षा तेल-मळ काढल्यावरच करावी. वर्षानुवर्षे घातलेले जवसाचे तेल आत राळेसारखे वाळते आणि तोच घट्टपणा वाटतो. केरोसिन किंवा पातळ मशीन ऑइलचे दोन-चार थेंब, एक रात्र विश्रांती, मग मऊ ब्रशने साफसफाई. हे लाकडाला लागू देऊ नये, खाली चिंधी धरावी. मळ निघाल्यावर जो सैलपणा दिसतो तो खरा.

फक्त डोके सैल असेल तर काम पाच मिनिटांचे, पण तयारी अर्ध्या तासाची. भाग सुटा करता आला तर उत्तम. दस्त्यातच ठेवून ठोकणे शक्यतो टाळावे, हादरा लाकडाला बसतो. कमान असेल तर तिचा ताण आधी उतरवावा. डोक्यावर भिंग धरून चिरा बघाव्यात. जुने घडीव लोखंड तंतुमय असते, त्यात मळीच्या, म्हणजे लोखंड गाळताना आत राहिलेल्या कचऱ्याच्या, रेघा असतात आणि थंड लोखंडावर जोरात ठोकले की डोके पाकळ्यांसारखे फाटते. चीर दिसली की थांबावे, ते रिबिट बदलावेच लागेल. चीर नसेल तर खालचे डोके पोलादी ठोकळ्यात पाडलेल्या त्याच आकाराच्या खळग्यात बसवावे. सपाट ऐरणीवर ठेवले तर वरचे डोके बसवताना खालचे चेपते. दोन भागांच्या मध्ये किंवा डोक्याखाली झेरॉक्सच्या कागदाची पट्टी सरकवावी. तो कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि तेवढीच मोकळीक हवी असते. १०० ते १५० ग्रॅमची बॉलपिन हातोडी घेऊन गोल तोंडाने डोक्याच्या कडेकडेने हलके टोले द्यावेत, मधोमध नाही. मध्ये मारलेला टोला दांडा भोकात फुगवतो आणि सांधा आतून आवळतो. कडेला मारलेला टोला डोके खाली बसवतो. पाच-सहा टोल्यांनंतर हलवून बघावे. टोल्याचा आवाज बद्द येत होता तो टणक येऊ लागला की लोखंड कामाने कडक झाले. त्यापुढे चीरच जाणार. कागद ओढून काढावा. निघत नसेल तर थेंबभर पाणी लावून लगदा करून काढावा आणि लगेच कोरडे करून तेल द्यावे.

दांडा झिजला असेल तर रिबिट बदलणे आले, आणि नासाडी सर्वात जास्त होते ती जुने काढताना. डोक्यावर थेट ड्रिल चालवले की ते घसरते आणि पट्टीला ओरखडा पडतो. भोकही मोठे होते. डोके आधी कानशीने सपाट करावे, बरोबर मध्यावर पंच मारावा, दांड्याच्या जाडीहून कमी जाडीच्या ड्रिलने डोक्याच्या खोलीपुरतेच भोक पाडावे, आणि खाली भोक असलेला ठोकळा धरून सरळ दांड्याच्या पंचने रिबिट खाली सोडावे. पट्टीखाली आधार नसेल तर पट्टी वाकते. निघालेले रिबिट फेकायचे नाही. छोट्या पिशवीत घालून, कुठले ते लिहून, बंदुकीसोबत ठेवायचे. पुढे एखाद्या अभ्यासकाला लोखंड बघायचे असेल तर तेच कामी येते.

नवे रिबिट मऊ लोखंडाचे हवे. बाजारातला साधा खिळाही चालतो, पण तार ओढताना तो कडक झालेला असतो. गडद लाल तापवून कोरड्या राखेत पुरावा आणि पूर्ण निवू द्यावा. पाण्यात टाकू नये. साधा खिळा पाण्यात टाकून फारसा कडक होत नाही हे खरे, पण खिळा कुठल्या पोलादाचा आहे ते हातात घेऊन कळत नाही. हे तापवणे बंदुकीपासून लांब करावे. जाडी भोकापेक्षा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर कमी. लांबी अशी काढावी : जोडायच्या भागांची एकूण जाडी, अधिक गोल डोक्यासाठी दांड्याच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट. म्हणजे २ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आणि ३ मिलिमीटरचे रिबिट असेल तर डोक्याच्या खाली साधारण ८ ते साडेआठ मिलिमीटर दांडा. लांबी जास्त ठेवली तर दांडा डोके होण्याआधी वाकतो. कमी ठेवली तर डोक्याला कड धरत नाही आणि ते वर्षभरात पुन्हा सैल होते. डोके पृष्ठभागाच्या पातळीत बसणारे असेल तर जाडीच्या पाऊणपटीइतका भाग वर राहिला तरी पुरे. मूळ डोके जसे होते तसेच घडवावे. देशी कामात डोकी एकसारखी गोल नसतात, तेव्हा सेटने (डोक्याच्या साच्याने) दाबून कारखान्यासारखे गोल डोके केले तर ते लांबूनही परके दिसते.

भोक लांबट झाले असेल तर ते मोठे करून जाड रिबिट घालण्याचा मोह होतो. करू नये. मूळ पट्टीतले धातू एकदा गेले की परत येत नाही. मऊ लोखंडाच्या पातळ पत्र्याची नळी करून भोकात बसवावी आणि रिबिट तिच्यातून जाऊ द्यावे. ही नळी पितळेची करणारे पुष्कळ आहेत, कारण पितळ वळायला सोपे. कोरड्या हवेत ते खपून जाते. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात पावसाळ्यात दमट हवेत पितळ आणि लोखंड एकमेकांना लागून असले की लोखंड आधी गंजते आणि गंज जागा मागतो, म्हणजे सांधा आतून पुन्हा आवळतो. ॲल्युमिनियमचे पॉप रिबिट तर विचारातही आणू नये. ते पोकळ असते, त्याला फिरता दांडा म्हणून ताकद नाही. स्टेनलेस स्टीलची तार चिवट असते, तिला डोके घडवायला जे टोले लागतात ते सभोवतालच्या जुन्या लोखंडाला सोसत नाहीत.

वेल्डिंगबद्दल वेगळे लिहायची गरज नसावी, पण लिहितो. ठिपक्याशेजारचे लोखंड तापून त्याचा पोत बदलतो, मळीच्या रेघा उघड्या पडतात, लगतचे लाकूड आतून कोळसा होते आणि पत्र्यावर कोफ्तगरी (लोखंडावर चांदी-सोन्याच्या तारेची नक्षी) असेल तर तिची तार उचलली जाते. चाप आणि घोड्याची वेल्डिंगने बंद केलेली यंत्रणा पुन्हा मोकळी करायचा सोपा मार्ग नाही. एपॉक्सीचा गोळा थापणे त्यापेक्षा कमी घातक, पण तेही काढताना मूळ गंजाचा थर घेऊनच निघते.

आता पत्र्यांची आरपार रिबिटे. इथे प्रकरण लोखंडाचे नसून लाकडाचे आहे आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. शिसम असो की अक्रोड, लाकूड हवेतल्या ओलाव्याने आडवे फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या फरकात ४० मिलिमीटर रुंदीच्या दस्त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बदल सहज होतो. लोखंडी रिबिटाची लांबी मात्र तेवढीच राहते. म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्रे सैल लागतात. त्या वेळी कुणी रिबिटे ठोकून घट्ट केली, तर जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगू पाहते, पत्रे फुगू देत नाहीत आणि लाकडाचे तंतू पत्र्याखाली चेपले जातात. चेपलेले तंतू परत उभे राहत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आधीपेक्षा जास्त आकसते, रिबिट आधीपेक्षा जास्त सैल, आणि कारागीर पुन्हा हातोडी उचलतो. दोन-तीन उन्हाळे असे गेले की खाचेच्या टोकापासून दस्ता उभा चिरतो. नगावर ही चीर दिसली की आधी कुणीतरी ठोकलेले आहे, हे समजून घ्यावे.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. एकच रिबिट निवडून पत्रा आणि लाकूड यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजावी. ऑगस्टमध्ये फट बंद होत असेल तर काहीच करायचे नाही. ऑगस्टमध्येही उरत असेल तर तेवढीच जागा भरायची, मेमधली नाही. भरण्यासाठी पातळ लाकडी व्हिनीअरचे किंवा चिवट हातकागदाचे तुकडे पत्र्याखाली सरकवावेत. चिकटवायचेच असेल तर पॅरालॉइड बी-७२ हे ॲसिटोनमध्ये विरघळणारे रेझिन थोडेसे वापरावे, म्हणजे उद्या कुणालाही ते ॲसिटोनने सोडवता येईल. फेव्हिकॉल, सायनो (झटपट चिकटणारा गोंद) किंवा राळ-गेरूचे मिश्रण नको. ते जागी बसते पण परत सहज निघत नाही. रिबिटांना मात्र हातोडी लावायची नाही, मग ती कितीही हलकी असो.

रिबिटे सैल होण्याचे आणखी एक मोठे कारण भिंतीवर आहे. तोड्याच्या देशी बंदुका लांबलचक असतात आणि पुष्कळांना चापाभोवती कडे नसते. अशी बंदूक चापाखाली खिळा घालून टांगली की सगळा भार पट्टीवर आणि घोड्याच्या आसावर येतो. नळीखाली एक आणि दस्त्याखाली एक, असे दोन रुंद आधार द्यावेत, मध्ये जाड सुती कापड किंवा फोमची पट्टी. लोकरीचे फेल्ट घालू नये, त्यातला गंधक धातू काळवंडवतो. आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने चाप ओढून बघायचा, ही प्रथा बंद करावी.

पूजेलाही दोन शब्द. हळद-कुंकू, ओली फुले आणि शिंपडलेले पाणी खाचेत उतरते आणि आतल्या पट्टीवर पहिला गंज तिथूनच धरतो. बंदुकीखाली वस्त्र घालून पूजा त्या वस्त्रावर करावी, वस्तूवर कोरडे फूल पुरे. चिंच, लिंबू, पितळ चकाकवायच्या पावडरी आणि पॉलिश पेपर कोफ्तगरीच्या जवळपास फिरकू देऊ नयेत. स्वच्छ, कोरड्या लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर देऊन मऊ कापडाने पुसून काढावा. तेलापेक्षा तो बरा, धूळ धरत नाही. हात लावताना नायट्राइलचे हातमोजे वापरावेत, सुती मोज्यांतून घाम झिरपतो.

प्रत्येक कामाआधी आणि नंतर, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो काढावेत आणि कागदावर चार ओळी लिहाव्यात : तारीख, कुठले रिबिट, काय काढले, काय घातले, कुठल्या धातूचे. नव्या रिबिटाच्या डोक्याच्या आतल्या बाजूला कोरणीने साल टोचून ठेवले तर आणखी उत्तम. हा कागद बंदुकीच्या पिशवीतच राहू द्यावा, फाईलमध्ये नको. बंदूक एका घरातून दुसऱ्या घरात जाते तेव्हा फाईल मागेच राहते.

आपले,
जुन्या धातुवस्तूंची निगा राखणारे काही कारागीर, पुणे